आडोशामागे एकच माणूस

निवडणुकीच्या कामाचा आदेश आला की आमच्या शिक्षक मंडळींत पहिली चौकशी होते ती रद्द कसा करून घ्यायचा याची. कुणाचा रक्तदाब आठवतो, कुणाची तहसीलमधली ओळख आठवते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मला मतदान केंद्राध्यक्ष म्हणून नेमलं, तेव्हा सहकाऱ्यांनी न विचारता दोन-तीन वाटा सुचवल्या. मला जायचं होतं. यापूर्वी मतदान अधिकारी म्हणून काम केलं होतं, पण ते शाई लावण्यापुरतं. केंद्राध्यक्षाची गोष्ट वेगळी असते. त्या एका खोलीत, त्या एका दिवसापुरता, कायद्याचा अर्थ त्याने लावायचा असतो आणि समोर उभ्या माणसाला लगेच उत्तर द्यायचं असतं.

या कामाची आखणीच अशी आहे की आम्हाला कुणी आधी गाठू नये. कर्मचाऱ्यांची संगणकावर सरमिसळ होते, तीही टप्प्याटप्प्याने. आधी नेमणूक कळते, मग मतदारसंघ, आणि नेमकं केंद्र कोणतं ते निघायच्या वेळी. आपण राहतो किंवा नोकरी करतो तो मतदारसंघ मिळत नाही. लोक याला सरकारी त्रास म्हणतात. मला यात शहाणपण दिसतं. गावात मला कुणी ओळखत नाही, मी कुणाचा भाचा नाही, कुणाच्या मुलाचा मास्तर नाही. नि:पक्षपातीपणा माझ्या स्वभावावर सोडलेला नाही. तो टिकेल अशा ठिकाणी मला नेऊन बसवलेलं आहे.

प्रशिक्षणात सर्वांचे प्रश्न गाडीचे, भत्त्याचे आणि मुक्कामाच्या सोयीचे होते, आणि त्यात गैर काही नाही. शिकवणारे अधिकारी मात्र एकच गोष्ट घोकून घेत होते: 'क्लोज, रिझल्ट, क्लिअर', म्हणजे यंत्रावरची ही तीन बटणं याच क्रमाने दाबायची. सकाळच्या अभिरूप मतदानातली, म्हणजे चाचणीची, मतं यंत्रातून पुसली नाहीत, तर ती खऱ्या मतांत मिसळतात आणि मतमोजणीला त्या केंद्राचा आकडा जुळत नाही.

१९ नोव्हेंबरला साहित्य घेतलं. बॅलट युनिट (मतदार बटण दाबतो ते), कंट्रोल युनिट (आमच्या टेबलावरचं), व्हीव्हीपॅट (मताची चिठ्ठी छापून दाखवणारं), प्रत्येकाचा क्रमांक आदेशाशी ताडून. मतदारयादीची चिन्हांकित प्रत, हिरव्या कागदी मोहोरा, पट्ट्या, टॅग, लाख, पितळी शिक्का, शाईच्या कुप्या, पाकिटांचा गठ्ठा. मंडपातल्या त्या गोंधळात माझे पहिले मतदान अधिकारी, वयाने माझ्यापेक्षा मोठे, खाली सतरंजीवर बसून एकेक वस्तू यादीवर टिक करत होते. घाई करणाऱ्यांना ते एवढंच म्हणत होते, "आत्ता दहा मिनिटं जाऊ द्या. रात्री गावात जाऊन पाकीट नाही म्हणून कुणाला फोन करणार?"

एसटीने गावात पोहोचलो. केंद्र जिल्हा परिषदेच्या शाळेत. अंधार पडायच्या सुमाराला एक गृहस्थ आले, पांढरे कपडे, बोलण्यात अगत्य. "सर, गावात पाहुणे आलात, जेवण आमच्याकडे. मटण सांगितलंय." ते कोणत्या पक्षाचे, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. उमेदवाराच्या किंवा त्याच्या माणसांच्या पाहुणचाराला जाऊ नये, हे आम्हाला बजावलेलं होतं. पण गावात जेवणाला नाही म्हणणं हा अपमान असतो, आणि ते गृहस्थ कदाचित निव्वळ भल्या मनानेही आले असतील. मी त्यांना हात जोडून सांगितलं, "दादा, उद्या तुम्ही आणि तुमच्या समोरचा माणूस, दोघांनी माझ्याकडे सारख्याच नजरेने बघायला हवं. आज तुमच्याकडे जेवलो तर त्याला उद्या शंका येईल आणि ती शंका रास्त असेल." ते थोडे खट्टू झाले, पण समजले. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी पिठलं-भाकरी करून दिली. आम्ही वर्गणी काढून पैसे दिले. त्या घेत नव्हत्या, आम्ही द्यायचेच म्हणून बसलो.

पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान. मतदान सातला सुरू होतं, त्याच्या दीड तास आधी. उमेदवारांचे प्रतिनिधी स्वेटर-मफलर घालून आले. किमान ५० मतं टाकायची, 'वरीलपैकी कोणीही नाही' धरून प्रत्येक नावापुढचं बटण दाबलं गेलं पाहिजे, कुणी कुणाला किती टाकली याची नोंद ठेवायची आणि मग यंत्राचा निकाल व व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या दोन्ही तिच्याशी जुळवायच्या. एक तरुण प्रतिनिधी यंत्राबद्दल फार संशय घेऊन आला होता. मी त्यालाच सांगितलं, चिठ्ठ्या तू मोज. त्याने खाली बसून गठ्ठे लावले, मोठ्याने मोजले. जुळलं. त्याचा सगळा संशय गेला असं मी म्हणत नाही, पण त्यानंतर तो दिवसभर तक्रारदारासारखा वागला नाही, साक्षीदारासारखा वागला. यंत्र 'क्लिअर' करून शून्य सर्वांना दाखवलं, चिठ्ठ्यांच्या मागे शिक्के मारून त्या काळ्या पाकिटात मोहोरबंद केल्या, सह्या झाल्या. संशयी माणसाला हाकलून देण्यापेक्षा त्याच्या हातात मोजायचं काम देणं बरं, असं मला तेव्हापासून वाटतं.

सातला रांग लागलेलीच होती. पहिला अधिकारी ओळख पटवतो आणि नाव मोठ्याने वाचतो. ते प्रतिनिधींना ऐकू जावं म्हणून. दुसरा नमुना १७ अ च्या नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो, डाव्या तर्जनीला शाई लावतो, चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटचं 'बॅलट' बटण दाबतो. मग मतदार पुठ्ठ्याच्या आडोशामागे जातो. सात सेकंद व्हीव्हीपॅटची छापील चिठ्ठी काचेमागे दिसते, लांब शिटी वाजते, संपलं.

दहाच्या सुमारास एक आजी आल्या, सोबत मुलगा. मुलगा सरळ आडोशाकडे निघाला. मी थांबवलं. "आईला नीट दिसत नाही, मी दाबतो," तो म्हणाला. आजी हळूच म्हणाल्या, "दिसतंय की मला." मुलगा हसला, "अहो, तिला चिन्हं कळत नाहीत. दरवेळी मीच दाबतो."

नियम ४९ न प्रमाणे अंध किंवा शारीरिकदृष्ट्या दुर्बल मतदाराला, यंत्रावरची चिन्हं ओळखता येत नसतील किंवा बटण दाबता येत नसेल तर, अठरा वर्षांवरचा एक सोबती नेता येतो. निरक्षर आहे, गोंधळते, म्हातारी आहे, ही कारणं त्यात बसत नाहीत. त्या सोबत्यालाही नमुना १४ अ मध्ये नोंद होऊन लिहून द्यावं लागतं की मी मत गुप्त ठेवीन आणि आज दुसऱ्या कुणाचा सोबती झालेलो नाही. मी आजींना विचारलं, "आजी, तुम्ही स्वतः करणार की मुलगा हवा?" त्या मुलाकडे बघत राहिल्या. खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी एकदम बोलायला लागले. एक म्हणे, जाऊ द्या सर, घरचीच माणसं आहेत. दुसरा म्हणे, अजिबात सोडायचं नाही.

मी दोघांना गप्प केलं आणि पुठ्ठ्याचं नमुना यंत्र काढलं. आडोशाच्या बाहेर, सर्वांना दिसेल-ऐकू येईल असं, आजींना दाखवलं: हे नाव, हे चिन्ह, हे निळं बटण, दाबल्यावर लाल दिवा लागेल, शिटी वाजेपर्यंत थांबायचं. कोणत्याही चिन्हावर बोट न ठेवता. आत जाऊन दाखवायचा अधिकार केंद्राध्यक्षालाही नाही. आजी आत गेल्या. वेळ लागला. रांगेतून कुरकुर झाली, मुलगा दारात उभा राहून "दाबलं का गं?" म्हणून ओरडला, त्याला मी बाहेर नेलं. मग शिटी वाजली.

मला त्या मुलाचा राग आला नाही. तो आईला केंद्रापर्यंत घेऊन आला होता, तिची काठी धरून उभा होता, आणि आपण तिचं काही हिरावून घेतोय हे त्याच्या मनातही नव्हतं. म्हणूनच ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. मताची गुप्तता म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सरकार येतं, गुंड येतात, सावकार येतो. बहुतेकींच्या बाबतीत ती ज्याच्यापासून लागते तो माणूस प्रेमाचा असतो आणि हात धरून घरी घेऊन जाणार असतो. नवऱ्याला, मुलाला, सासऱ्याला न विचारता घेतलेला निर्णय किती बायकांच्या वाट्याला येतो? पाच वर्षांतून एकदा, पुठ्ठ्याच्या तीन भिंतींमागे, तो येतो. तिथे दोन माणसं गेली की तो संपला.

त्यानंतर आलेल्या एका अंध गृहस्थांनी सोबती नाकारला. बॅलट युनिटवर ब्रेलमध्ये क्रमांक असतात आणि ब्रेलमधली नमुना मतपत्रिका आमच्याकडे होती. त्यांनी ती बोटांनी वाचली, आत गेले, बाहेर आले. आजींपेक्षा कमी वेळ लागला.

दुपारी एका पोराच्या खिशात मोबाइल सापडला. तेव्हा शंभर मीटरच्या आत फोन आणायला बंदी होती, तरी पोलिसांची नजर चुकवून आला होता. "फक्त फोटो काढणार होतो, स्टेटसला." असेलही. पण आडोशामागच्या फोटोचा दुसरा उपयोग सगळ्या गावाला माहीत असतो. पैसे वाटणाऱ्याची खरी अडचण ही असते की माणूस पैसे घेऊन आत कुणाला मत देतो हे त्याला कळत नाही. तो फोटो म्हणजे मालाची पोच. ती मिळायला लागली की बाजार पक्का होतो. आणि मग ज्याला पैसे घ्यायचे नाहीत त्यालाही 'दाखव' म्हणून दम देता येतो. मी त्याला फोन बाहेर ठेवून परत यायला सांगितलं, तो आला, मत दिलं. प्रकरण वाढवलं नाही.

दिवसातला सर्वांत जड प्रसंग तीननंतरचा. एक तरुण बाई आल्या. शहरात धुण्याभांड्याची कामं करतात, मतदानासाठी रात्रभर प्रवास करून आल्या होत्या. पहिल्या अधिकाऱ्यांनी यादी बघितली आणि थांबले. त्यांच्या नावापुढे लाल रेघ होती. १७ अ मध्ये सहीही होती. सकाळच्या गर्दीत त्यांच्या नावावर कुणीतरी मत देऊन गेलं होतं.

बाईंनी ओळखपत्र ठेवलं, वडिलांचं नाव, घर, शेजार, सगळं सांगितलं. बोटावर शाईचा ठिपका नाही. त्याच खऱ्या, यात कुणालाच शंका नव्हती. प्रतिनिधीही मान हलवत होते. अशा वेळी नियम ४९ प आहे: प्रदत्त मत. यंत्रावर मत देता येत नाही. छापील मतपत्रिका द्यायची, नमुना १७ ब मध्ये सही घ्यायची, त्यांनी आडोशामागे फुलीचा शिक्का मारून घडी घालून आणायची, आणि ती वेगळ्या पाकिटात ठेवायची.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे मोजतात ना, सर?"

खरं उत्तर 'नाही' असं होतं. नेहमीच्या मतमोजणीत ते पाकीट उघडत नाहीत. निकालानंतर ४५ दिवसांच्या आत कुणी उच्च न्यायालयात निवडणूक याचिका केली, आणि न्यायालयाला गरज वाटली, तर त्या मतपत्रिकांचा विचार होतो. मी तसंच सांगितलं. "हो, हो, मोजतात" म्हणून त्यांना समाधानाने घरी पाठवणं सोपं होतं, आणि माझ्या सहकाऱ्याने नंतर मला तेच सुचवलंही. पण ज्या बाईचं मत चोरलं गेलं तिला वर खोटंही सांगायचं, हे मला पटलं नाही. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "द्या तो कागद. मी आले होते हे तर राहील ना लिहिलेलं." त्यांनी शिक्का मारला, घडी करून दिली आणि गेल्या.

मी प्रतिनिधींना विचारलं, सकाळी नाव मोठ्याने वाचलं तेव्हा तुम्ही सगळे इथेच होता. गावातला माणूस न् माणूस तुम्हाला माहीत. दोन रुपये भरून आक्षेप घेता येतो, मग मला चौकशी करावीच लागते. कुणीच का बोललं नाही? एक जण म्हणाला, लक्ष नव्हतं. दुसरा वयस्कर होता, तो खरं बोलला: "सर, तुम्ही उद्या जाणार. आम्हाला इथंच राहायचंय. कुणाच्या लेकी-सुनेला भर खोलीत खोटी म्हणायचं म्हणजे पिढ्यांचं वैर." हे उत्तर मी अजून मनातून काढू शकलेलो नाही. बाहेरच्या माणसाला केंद्रावर बसवण्यामागचं जे शहाणपण मी वर सांगितलं, त्याची दुसरी बाजू ही: मला कुणाची भीड नाही, पण मला कुणाची ओळखही नाही. ओळखणाऱ्याला भीड आहे. हे दोन्ही जोडायला प्रतिनिधी नावाची जागा कायद्याने केली आहे, आणि पक्ष तिथे बहुधा दिवसाच्या चहापाण्यावर मिळेल तो पोरगा बसवतात. आदल्या रात्री त्याला दोन तास शिकवायची तसदी घेत नाहीत, आणि निकाल लागल्यावर यंत्राला शिव्या देतात.

सहा वाजले. रांगेत माणसं होती. अशा वेळी शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढे चिठ्ठ्या वाटायच्या असतात, माझ्या सहीच्या. पुढून वाटत आलं तर तेवढ्यात मागे माणसं येऊन मिळतात. चिठ्ठी क्रमांक एक शेपटाला गेली, फाटक लावलं.

पाच-दहा मिनिटांनी एक माणूस धापा टाकत आला. अंगावर विटांची लाल धूळ. "साहेब, भट्टीवर होतो. मालक सोडंना. सहाला सोडलं." आत रांग अजून चालू होती. यंत्र चालू होतं. चाळीस पावलांवर त्याचं नाव यादीत होतं. पोलीस माझ्याकडे बघत होता, प्रतिनिधी खिडकीतून बघत होते. मी नाही म्हटलं. त्याला सोडलं असतं तर सात वाजता येणाऱ्याला कोणत्या तोंडाने अडवलं असतं, आणि तो येणारा कुणी पाठवलेला नाही हे मला कसं कळलं असतं? माझा निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं, आणि त्या माणसावर अन्याय झाला हेही तितकंच खरं आहे. अन्याय फाटकावर झाला नाही, तो भट्टीवर झाला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी कामगाराला भरपगारी सुटी द्यावी लागते, रोजंदारीवरच्यालाही. राज्याचा कामगार विभाग दर निवडणुकीला तसं परिपत्रक काढतो. न देणाऱ्या मालकाला दंड आहे, तो मात्र पाचशे रुपयांपर्यंतच. भट्टीचा मालक एवढ्याला भिणार नाही. आणि मजूर तक्रार कुणाकडे करणार, कोणत्या दिवशी?

शेवटच्या चिठ्ठीवाल्याचं मत झाल्यावर 'क्लोज' दाबलं. यंत्राचा एकूण आकडा आणि १७ अ मधल्या नोंदी जुळल्या. मग नमुना १७ सी: किती मतदार, किती मतं, यंत्रांचे आणि मोहोरांचे क्रमांक. त्याच्या साक्षांकित प्रती हजर प्रतिनिधींना द्यायच्या आणि पोच घ्यायची. दोघांनी घडी घालून खिशात ठेवल्या. एक जण न घेताच निघाला होता, "मालकांकडे असंल की," म्हणत. त्याला परत बोलावून दिली. या निवडणुकीनंतर संध्याकाळी पाचची टक्केवारी आणि अंतिम टक्केवारी यांतल्या फरकावरून राज्यभर बराच वाद झाला. दर दोन तासांची टक्केवारी आम्ही गर्दी सांभाळत कळवतो, ती अंदाजासाठी असते, आणि पाचनंतरही मतदान चालूच असतं. १७ सी वर मात्र माझी सही असते. ज्याला शंका आहे त्याने हा कागद घ्यावा, जपावा आणि मतमोजणीच्या टेबलावर तो घेऊन बसावं. शंका घेणाऱ्यांच्या हातात हे साधन आहे, आणि शंका उडवून लावणाऱ्यांनीही आधी तोच मागावा.

साहित्य जमा करायला पुन्हा मोठी रांग. तिथे केंद्राध्यक्षाची दैनंदिनीही द्यायची असते. मतदान संपताना रांगेत किती होते, प्रदत्त मतं किती, आक्षेप किती, यांचे रकाने तिच्यात आहेत. सुटी न मिळाल्याने उशिरा आलेल्यासाठी रकाना नाही. मी ती नोंद समासात केली आणि खाली सही केली. पाकिटं घेणाऱ्या लिपिकाने ती वाचली की नाही ठाऊक नाही. पुढच्या निवडणुकीच्या प्रशिक्षणात मी एवढंच विचारणार आहे: मतदानाच्या दिवशी भट्ट्यांवर, बांधकामांवर, उसाच्या फडात फिरायला कामगार विभागाचं एक तरी पथक नेमलं आहे का, आणि असेल तर त्याचा फोन नंबर केंद्राच्या दारावर का लावलेला नाही.